मूलस्तरीय ख्रिस्ती समुदाय

लॅटिन अमेरिकेतील, विशेषतः ब्राझीलमधील, रोमन कॅथलिक श्रद्धावंतांचे छोटे स्थानिक गट. बायबलचे सामुदायिक वाचन व प्रार्थना हा त्यांचा पाया असून त्या वाचनाच्या प्रकाशात आपल्या गावातील वा वस्तीतील अन्यायाचा विचार करणे आणि त्याविरुद्ध संघटितपणे उभे राहणे, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. ‘मूल’ हा शब्द येथे समाजरचनेचा तळ, म्हणजे सामान्य कष्टकरी जनता, या अर्थी योजलेला आहे.

या समुदायांचा उगम क्रांतिकारक विचारांत नसून धर्मगुरूंच्या टंचाईत आहे. ब्राझीलच्या विस्तीर्ण धर्मग्रामांतील अनेक खेड्यांना वर्षातून एखाद्याच वेळी धर्मगुरूचे दर्शन घडे. नाताळच्या रात्री गावातील प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरे उजळलेली होती आणि कॅथलिक चर्च मात्र बंद होते, अशी एका वृद्ध स्त्रीने बिशपकडे केलेली तक्रार या संदर्भात नेहमी सांगितली जाते. बार्रा दो पिराई या धर्मप्रांतात १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वसामान्य श्रद्धावंतांपैकी काहींना प्रशिक्षण देऊन प्रार्थना चालविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) अशा सहभागास तात्त्विक अधिष्ठान दिले. कोलंबियातील मेदेयीन येथे १९६८ मध्ये भरलेल्या लॅटिन अमेरिकन बिशपांच्या परिषदेने दारिद्र्य हे अन्याय्य समाजरचनेचे फलित असल्याचे सांगून या गटांचा पुरस्कार केला. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुत्येर्रेस (१९२८–२०२४) यांनी मांडलेले मुक्तीचे ईश्वरशास्त्र या समुदायांच्या अनुभवाशी निगडित आहे.

समुदायाची बैठक सामान्यतः एखाद्या घरी वा छोट्या प्रार्थनागृहात भरते. बायबलमधील उतारा वाचून त्याचा दैनंदिन जीवनाशी संबंध जोडला जातो. ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्रिसूत्री बेल्जियन धर्मगुरू जोसेफ कार्डाइन (१८८२–१९६७) यांच्या तरुण कामगारांच्या चळवळीतून आलेली आहे. चर्चेचे विषय साधे असत : नळाचे पाणी, सांडपाणी, बससेवा, आरोग्यकेंद्र, जमिनीचा ताबा. सदस्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांपैकी अनेकींना चारचौघांत बोलण्याची पहिली संधी येथेच मिळाली.

ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ या काळात लष्करी राजवट होती. राजकीय पक्ष, कामगार संघटना व विद्यार्थी संघटना यांवर तिने निर्बंध घातले. चर्चवर मात्र तिला तितक्या सहजपणे हात टाकता आला नाही. चळवळींना समुदायांकडून मिळालेली खरी मदत ही याच परिस्थितीतून समजते. एकत्र जमण्यासाठी जागा, नियमित भेटण्याची सवय, परस्परांविषयीचा विश्वास आणि बिशपांचे संरक्षण ही ती मदत होय. साऊँ पाउलूच्या दक्षिणेकडील कामगार वस्त्यांतील मातृमंडळांनी १९७३ मध्ये महागाईविरुद्ध आवाज उठविला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने १९७८ मध्ये बारा लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन तयार करून तेथील कॅथीड्रलच्या चौकात सभा घेतली. १९८० च्या संपात साऊँ बेर्नार्दू येथील धातुकामगारांना त्यांच्या संघटनेवर शासनाने ताबा मिळविल्यावर चर्चमध्ये सभा भरवाव्या लागल्या.

ग्रामीण भागात जमिनीचा प्रश्न अग्रभागी होता. ब्राझीलमधील बिशपांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये ‘पास्टोरल लँड कमिशन’ स्थापन झाले. १९८५ पासून ते जमिनीवरून होणाऱ्या संघर्षांची वार्षिक नोंद प्रसिद्ध करीत आले आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या भूमिहीनांच्या चळवळीच्या जडणघडणीत या आयोगाचा मोठा वाटा होता. या कार्याची किंमतही मोजावी लागली. आयोगाचे कार्यकर्ते धर्मगुरू झोझिमू ताव्हारेस यांची १९८६ मध्ये, तर ॲमेझॉनच्या खोऱ्यात काम करणाऱ्या धर्मभगिनी डोरोथी स्टँग यांची २००५ मध्ये हत्या झाली.

ज्या चर्चच्या अधिकारावर हे समुदाय उभे होते, त्याच अधिकाराने त्यांना मर्यादाही घातल्या. मुक्तीच्या ईश्वरशास्त्रातील मार्क्सवादी विश्लेषणावर व्हॅटिकनने १९८४ मध्ये टीका केली आणि १९८५ मध्ये ब्राझीलचे ईश्वरशास्त्रज्ञ लिओनार्दू बोफ यांना काही काळ मौन पाळण्याचा आदेश दिला. नव्या बिशपांपैकी अनेकांना समुदायांविषयी फारशी आस्था नव्हती. लोकशाही परतल्यावर अनेक कार्यकर्ते पक्षांत व कामगार संघटनांत गेले. शिवाय बायबलवाचनासाठी साक्षरता, वेळ व बोलण्याचा आत्मविश्वास लागत असल्याने अतिगरिबांना तेथे परकेपणा वाटे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन बर्डिक यांच्या अभ्यासात (१९९३) घरगुती कलहाने त्रस्त स्त्रिया, कृष्णवर्णीय व तरुण पेंटेकोस्टल पंथांकडे वळल्याचे दिसून आले. तेथे त्यांच्या खासगी दुःखाला स्थान होते. ब्राझीलमधील कॅथलिकांचे प्रमाण १९७० मध्ये सु. ९२ टक्के होते. २०२२ च्या जनगणनेत ते ५६·७ टक्के आढळले.

समुदायांचा प्रभाव ओसरला असला, तरी ते लोप पावलेले नाहीत. १९७५ पासून भरणाऱ्या त्यांच्या राष्ट्रीय मेळाव्यांपैकी पंधरावा मेळावा २०२३ मध्ये रोंदोनोपोलिस येथे भरला. त्यांच्यात घडलेले कार्यकर्ते ब्राझीलच्या शेतकरी, कामगार व गृहनिवारा चळवळींत दीर्घकाळ कार्यरत राहिले; समुदायांचे चिरस्थायी कार्य त्यातच पाहावे लागते.