झालरीचं शेवटचं टोक

पहाटे ५
डाव्या खांद्यामागे दिवा, मांडीवर धुतलेला टॉवेल आणि त्यावर शाल. गोल सुईवर ७२ टाके उरले आहेत. झालरीची शेवटची टोकं दमलेल्या डोळ्यांनी विणायची नाहीत, हे काल रात्रीच ठरवलं होतं. परवा भाचीच्या मुलीचं बारसं आहे. विणून झालेली शाल धुवून, ताणून वाळवायला दिवस जातो, म्हणजे आज ती सुईवरून उतरायलाच हवी.

शाल शेटलंडच्या पद्धतीची आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात ही बेटं आहेत. जावई, म्हणजे भाचीचा नवरा, ॲबरडीनला नोकरीला आहे. तिथून संध्याकाळी बोटीत बसलं की सकाळी शेटलंडच्या लर्विक बंदरात उतरता येतं. भाचीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तो तिकडे जाऊन सायीच्या रंगाचे गुंडे घेऊन आला. प्रत्येक गुंडा २५ ग्रॅमचा, त्यात दुपदरी बारीक लोकर १६९ मीटर. त्या बेटांवर बाळाचं नाव ठेवायला चर्चमध्ये नेताना त्याला जाळीच्या शालीत गुंडाळायची जुनी रीत आहे. आपल्याकडे बाळंतविड्यात टोपडं, झबलं, मोजे, दुपटं असतंच. या बाळाला महिन्या-दोन महिन्यांनी तिकडच्या थंडीत जायचंय, तेव्हा बाळंतविड्यात शेटलंडची शाल असावी असं माझ्या मनाने घेतलं.

झालर विणायची रीत मला फार आवडते. चारी काठांचे मिळून सहाशेच्या वर टाके सुईवर जिवंत ठेवायचे आणि त्यांना काटकोनात एक अरुंद दातेरी पट्टी विणत न्यायची. पट्टीची एक ओळ बाहेर जाते, दुसरी आत येते, आणि आत येताना शेवटचा टाका काठाच्या एका टाक्याशी जोडून विणायचा. दोन ओळींना काठाचा एक टाका खर्ची पडतो. माझं एक टोक १६ ओळींचं, म्हणजे आठ टाके. ७२ टाक्यांची नऊ टोकं. टाके एकाच वेळी बंद केले असते तर शाल तासाभरात उतरली असती, पण कड घट्ट झाली असती आणि ताणताना जाळी उघडलीच नसती.

सकाळी ७
दूध तापवलं, आईला चहा दिला, पोळ्यांची कणीक भिजवून ठेवली. तेवढ्यात भाचीचा फोन: "मावशी, झाली का गं?" म्हटलं, पाच टोकं राहिलीत. बाळ रडायला लागलं, फोन बंद.

सकाळी ८.३०
हात आता आपोआप चालतात, डोळे मात्र हवेत. जाळीच्या विणकामाचा सगळा हिशेब जमाखर्चाचा असतो. सुईवर लोकरीचा एक वेढा घेतला की एक भोक पडतं आणि एक टाका वाढतो. तो वाढलेला टाका कुठेतरी दोनाचा एक करून कमी करावाच लागतो. नुसती भोकं पाडली तर कापड पसरत जाईल, नुसते टाके जोडले तर आक्रसेल. शालीच्या काठावर ‘ओल्ड शेल’ नावाचा नमुना आहे, शेटलंडचा अगदी ओळखीचा. त्याच्या १८ टाक्यांत तीनदा दोनाचा एक, मग सहा वेढे आणि प्रत्येक वेढ्यानंतर एक सुलट, पुन्हा तीनदा दोनाचा एक. सहा वाढले, सहा गेले, सुईवर पुन्हा १८. पण वाढ सगळी मध्ये आणि घट सगळी कडेला असल्यामुळे ओळ सरळ राहत नाही, वर-खाली वाकते. ओहोटीनंतर किनाऱ्यावरच्या वाळूत राहणाऱ्या रेघा लोकरीत उमटतात. ज्या बाईने हे पहिल्यांदा हेरलं तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. गणित तिला उत्तम येत होतं एवढं नक्की.

सुरुवातीला मी तक्ता समोर ठेवून एकेक चौकोन बघत विणत होते. आता तक्ता घडी करून पिशवीत गेलाय. खालच्या ओळीतलं भोक कुठे आहे ते पाहिलं की वरच्या ओळीत काय करायचं ते कळतं. अवघड नमुना हाती लागल्याचं समाधान खरं म्हणजे तेव्हाच मिळतं, मधेच कधीतरी, शाल पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी. पुढे मग नुसतं विणणं राहतं, आणि ते विणणं फार सुखाचं असतं.

सकाळी १०.४५
काठाचा शेवटचा टाका झालरीत गेला. आता झालरीचा शेवट तिच्या सुरुवातीला जोडायचा. सुरुवात मुद्दामच निळ्या दोऱ्यावर केली होती. तो दोरा एकेक टाका मोकळा करत उसवला आणि सुटलेले टाके दुसऱ्या सुईवर घेतले. मग बोथट दाभणात लोकर ओवून दोन्हीकडच्या टाक्यांतून अशी फिरवायची की मध्ये विणीची आणखी एक ओळ झाल्यासारखं दिसलं पाहिजे. शिवण म्हणून नाही, वीण म्हणून. यात घाई चालत नाही. प्रत्येक टाक्यानंतर लोकर थोडी ओढून बाकीच्या टाक्यांच्या मापाची करायची. जोड पूर्ण झाल्यावर बोट फिरवून बघितलं, लागली नाही.

शाल सुईवरून उतरली. हातात घेतली तर पिळून टाकलेल्या पंच्याचा बोळा. जाळीचं असंच असतं. सुईवर असेपर्यंत ती कधीच दिसत नाही. आक्रसलेली, गोळा झालेली, काठ आत वळलेले. एवढे आठवडे मी जे विणत होते ते मला अजून दिसलेलंच नाही.

सकाळी ११.३०
रात्री भिजत घातलेले रिठे कुस्करून, गाळून पाणी केलं. कोमट पाणी, कढत अजिबात नको. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. उष्णता आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. त्यामुळे शाल फक्त दाबायची, चोळायची नाही, आणि तिच्यावर नळही सोडायचा नाही. अर्धा तास भिजू दिली, त्याच उबेच्या पाण्यातून दोनदा काढली. उचलताना दोन्ही तळहात खालून घालायचे, कारण भिजलेली लोकर जड होते आणि एका टोकाला धरली तर तिथेच ताणली जाते. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबली. पिळली नाही.

दुपारी १
आजच्या दिवसातलं मुख्य काम हे: शाल ताणणं.

शेटलंडच्या बायकांकडे यासाठी लाकडी चौकट असे. चारी बाजूंनी झालरीच्या प्रत्येक टोकातून दोरा ओवून तो चौकटीच्या खुंट्यांना ताणून बांधायचा. माझ्याकडे गादी आहे आणि चौकड्यांचा जुना पलंगपोस. चौकड्या फार उपयोगी पडतात, शाल तिरकी जात नाही. टाचण्या गंज न धरणाऱ्या पाहिजेत, नाहीतर ओल्या लोकरीवर कायमचा तांबडा डाग पडतो. झालरीच्या टोकांतून सुती दोरा ओवला. आधी चारी बाजूंचे मध्य टाचले, मग कोपरे. कोपऱ्यांवर विणताना काठाच्या एकाच टाक्यात झालर दोनदा जोडली होती, म्हणजे वळणाला जास्तीची झालर मिळाली. आता ती ताणल्याबरोबर पंख्याच्या आकारात उलगडली. मग प्रत्येक टोकाला टाचणी, समोरासमोर, एक इकडे, एक तिकडे. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलं तर सगळी शाल एका अंगाला ओढली जाते.

आणि मग ती दिसायला लागली. नव्वद सेंटिमीटरचा चौकोन सव्वा मीटरवर गेला. लाटा मोकळ्या झाल्या. आतापर्यंत बोटांना नुसत्या कळत होत्या त्या भोकांच्या रांगा सरळ कोपऱ्यापर्यंत गेलेल्या दिसल्या. मधला चौकोन साधा सुलट आहे. तिथे मोठी भोकं ठेवली नाहीत, कारण बाळाची बोटं अडकतात. त्या साध्या चौकोनाभोवती काठ आणि काठाभोवती दातेरी झालर. मी गादीच्या कडेला बसून राहिले. जेवायचं होतं, पण उठवेना. हातांनी केलेला हिशेब डोळ्यांना एकदम दिसतो तेव्हा छातीत जे भरून येतं ते दुसऱ्या कुठल्या विणकामात मला मिळालेलं नाही. स्वेटर विणताना तो रोज थोडा थोडा दिसत असतो. जाळी शेवटपर्यंत काहीच दाखवत नाही, आणि दाखवते तेव्हा सगळं एकदम दाखवते.

दुपारी ४
आई काठी टेकत आली. नजर आता अधू झाली आहे, म्हणून वाकून बोटांनी बघितलं. मला सुलट-उलट तिनेच शिकवलं. एका कोपऱ्याची टाचणी काढायला लावून तिने तेवढा कोपरा उलटा केला.
"उलट बाजू कुठली?"
"नाहीये. दोन्हीकडून सुलटच विणलीय."
ती परत परत दोन्ही बाजू चाचपत राहिली. मग म्हणाली, "बाळाच्या अंगाला टोचायला गाठ कुठे नाही ना, तेवढं बघ." लोकरीची टोकं कुठे कुठे दडवली आहेत ते तिला दाखवलं. ती खुर्ची ओढून शालीपाशीच बसली.

शाल वाळेपर्यंत दुसरं काम नव्हतं, म्हणून शेटलंडच्या बायकांबद्दल वाचलेलं आठवत बसले. शेटलंडमधलं अन्स्ट हे बेट सगळ्यात बारीक जाळीसाठी नावाजलेलं. तिथल्या बायका मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर कात्रीने न कापता हाताने उपटून घेत, घरीच चरख्यावर कातत. पाच-सहा फूट चौरस शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जात असे. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ही जाळी मांडली होती. पण विणणाऱ्या बाईच्या हातात पैसा क्वचितच पडे. व्यापारी शालीच्या बदल्यात चहा नाहीतर कापड देत. १८७२ साली सरकारी चौकशीचा अहवाल आला, त्यात या बायकांच्या साक्षी आहेत. दिवसभर शेतात राबून, रात्री दिव्यापाशी एवढं बारीक विणणाऱ्या बाईला आपल्या शालीची किंमत ठरवता येत नव्हती, हे वाचल्यापासून जाळी विणताना मला त्या बायका आठवतातच. हाताने विणलेली वस्तू कुणी स्वस्तात मागितली की मला राग येतो, तो याच्यामुळेही.

रात्री ९
पुण्याच्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत शाल पूर्ण वाळली. हाताला थंड लागली तर अजून ओल आहे असं समजायचं. कुठेच थंड लागली नाही. टाचण्या काढल्या, दोरा ओढून घेतला. शाल किंचित मागे आली आणि तिथेच थांबली. ताणलेल्या अवस्थेत वाळलेली लोकर तो आकार धरून ठेवते. दडवलेली टोकं आत्ता कापली, ताणण्याआधी कापली असती तर ओढ बसून बाहेर आली असती.

भाचीला फोटो पाठवला. लगेच फोन आला, आवाज दबका, बाळ झोपलेलं असणार. "मावशी, ही मी धुणार कशी? खराब झाली तर?" तिला सांगितलं की धुतली की ती दर वेळी पुन्हा बोळा होणार आणि दर वेळी पुन्हा ताणावी लागणार, त्यात घाबरायचं काही नाही. तिकडे रिठा मिळाला नाही तर लोकरीचा सौम्य साबण घे. आधी मध्य टाच, मग कोपरे. "बारशाला येते तेव्हा एका दुपट्यावर करून दाखवते," म्हटलं.

बाळंतविड्याच्या परडीत शालीच्या घडीशेजारी टाचण्यांची डबी आणि सुती दोऱ्याचं रीळ ठेवलं.