गलबल्यातला खर्ज

साउंडचेकला बेस गिटारवाल्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. ड्रमचा एकेक नग वाजवून घेण्यात अर्धा तास जातो, दोन्ही गिटारवाले आपापल्या पेडलांवर वाकलेले असतात, गायकाचा पत्ता नसतो. पुण्याबाहेरच्या त्या लग्नाच्या लॉनवरही तेच चाललं होतं. मग मिक्सरवरच्या इंजिनिअरनं माइकवरून सांगितलं, "बेस दे. खालची तार, मोकळी." बेसवाल्यानं बोटानं एकदा तार ओढली आणि हात बाजूला घेतला.

आधी बोटाची कड तारेवरून सुटल्याचा बारीक खरखरीत स्पर्श ऐकू आला. त्याच्या पाठोपाठ स्वर आला आणि लगेच तो छातीच्या फासळ्यांत जाणवू लागला. विशेष म्हणजे पुढेही तो टिकून राहिला. मध्येच फुगला नाही, खचला नाही, फक्त सावकाश उतरत गेला. इंजिनिअरचा हात सवयीनं इक्वलायझरच्या नॉबांवर गेला होता. तो त्यानं तसाच मागे घेतला. साउंडवाल्याकडून वाद्याला मिळणारी याहून मोठी दाद मला माहीत नाही.

वाद्य होतं अलेंबिक, सीरिज वन, सत्तरच्या दशकातलं, दुसऱ्या हातानं घेतलेलं. वाजवणारा मूळचा पुण्याचा. कॅलिफोर्नियात नोकरी करतो आणि डिसेंबरात इथे आला की कॉलेजातला बँड पुन्हा उभा करतो. नवी सीरिज वन घ्यायची तर दहा लाखांच्या वरच जाते. हातात घेतली तर आधी वजनच कळतं. मान वेगळी करून धडाला बोल्टनं आवळलेली नाही. मेपल आणि जांभळट पर्पलहार्टच्या पट्ट्या चिकटवून केलेला एकच लांब दांडा डोक्यापासून बुडापर्यंत आरपार जातो आणि धडाचे दोन पंख त्याला बाजूंनी जोडलेले असतात. तार ज्या दोन टोकांवर टेकते तिथे पितळ. थोडक्यात, तारेची ताकद लाकडानं खाऊन टाकू नये याची तजवीज.

खाऊन टाकणं हे मी शब्दशः म्हणतोय. साध्या बेसवर वरच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास बहुधा एक मेलेली जागा सापडते. तिथला स्वर वाजतो न वाजतो तोच विझतो, कारण मानेची स्वतःची कंपनं त्या स्वराशी जुळतात आणि तारेतली ऊर्जा मान ओढून घेते. बेसवाले या जागा ओळखून असतात, लांब धरायचा स्वर दुसऱ्या तारेवर घेऊन वेळ मारून नेतात. या वाद्यावर त्यानं मला चारही तारा एकेक फ्रेट चढत वाजवून दाखवल्या. कुठेही पायरी मोडकी लागली नाही. महागड्या बेसचं खरं मोल मला विचाराल तर इथे आहे. आवाज मोठा करायला ॲम्प्लिफायर पुरतो, पण सगळ्या स्वरांना सारखं आयुष्य द्यायचं ते वाद्यालाच द्यावं लागतं.

अलेंबिक ही कंपनी मुळात वाद्यं विकायची म्हणून निघाली नव्हती. 1969 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोजवळ 'ग्रेटफुल डेड' या बँडच्या गोतावळ्यात ती उभी राहिली. मैफलीचा आवाज इतका गढूळ का येतो, हा त्या मंडळींचा प्रश्न होता. डेडचा साउंडवाला आउस्ली स्टॅनली याचा ध्यास, अँपेक्स या टेपरेकॉर्डर कंपनीतून आलेल्या रॉन विकरशॅमचं इलेक्ट्रॉनिक्स आणि रिक टर्नरची सुतारकी एकत्र आली. 'जेफर्सन एअरप्लेन'च्या जॅक कॅसडीसाठी त्यांनी केलेला बेस हे अलेंबिकचं पहिलं वाद्य मानलं जातं. पुढे टर्नर बेसवादक स्टॅनली क्लार्कचं वादन ऐकायला गेला आणि वाजवतोस छान पण तुझा टोन वाईट आहे, असं त्यानं क्लार्कला तोंडावर सांगितलं, हा किस्सा बेसवाल्यांत प्रसिद्ध आहे. क्लार्क रागावला नाही. त्यानं अलेंबिक वाजवून पाहिलं आणि पुढे तेच त्याचं वाद्य झालं.

या ध्यासाचं टोक 1974 साली दिसलं. 'वॉल ऑफ साउंड' नावाची स्पीकरांची भिंत डेडच्या वादकांच्या पाठीमागे उभी राहत असे. सहाशेच्या आसपास स्पीकर, पंचवीस हजार वॅटच्या वर ताकद, आणि प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर. गिटार आणि गाणं एकाच स्पीकरमधून गेलं की ते एकमेकांत मिसळून चिखल होतो, म्हणून वाटाच वेगळ्या केल्या. डेडचा बेसवाला फिल लेश याच्या बेसचं तर आणखी पुढे. त्याच्या पिकअपमधून चारही तारांचे आवाज सुटे निघत आणि हवं तेव्हा प्रत्येक तार स्वतःच्या स्पीकरांतून वाजवता येई. चार तारांसाठी चार वाटा! हा अव्यवहारीपणा होता यात शंका नाही. ती भिंत गावोगाव नेताना बँडचं दिवाळं निघायची वेळ आली आणि त्याच वर्षाअखेरीस ती मोडावी लागली. तरी खर्जातला प्रत्येक स्वर शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही सुटा ऐकू यावा, या हट्टापायी कुणी एवढं करावं याचं मला कौतुक वाटतं.

हट्ट अवघड का होता ते आकडे सांगतात. बेसच्या खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला 41 च्या आसपास असते. तिची एक लहर आठ मीटरहून लांब. सभागृहात ती भिंतींवर आपटून परत येते. एका खुर्चीवर बेस अंगावर येतो, चार पावलं सरकलात तर गायब. शिवाय एवढा खालचा स्वर कानाला मुळातच कमी ऐकू येतो. आपण बेस ओळखतो तो बराचसा त्याच्या दुपटी-तिपटीतल्या वरच्या स्वरांवरून. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचं असंच असतं. जवारी नीट लागली की ती तार वरच्या स्वरांनी भरून येते, आणि जवारी बिघडली की नुसती ठणठण उरते. बेसवर हे काम नव्या, गुंडाळी दिलेल्या तारा, बोटाची जागा आणि पिकअप मिळून करतात. साध्या पिकअपमध्ये तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. जोर भरपूर मिळतो, पण वरचा बारीक तपशील तिथेच आणि पुढे लांब केबलमध्ये मरतो. अलेंबिकनं वेढे कमी ठेवले आणि गेलेला जोर वाद्याच्या पोटातच बसवलेल्या प्रीॲम्पमधून भरून काढला.

त्या लॉनवर आणखी एक गंमत दिसली. वाद्यावर तीन पिकअप दिसतात, पण मधलं तार ऐकतच नाही. ते फक्त आसपासच्या विजेची घूंऽ टिपतं आणि ती उरलेल्या दोघांच्या आवाजातून वजा होते. शेजारी जनरेटर, डोक्यावर लग्नातलेच एलईडी. गिटारवाल्यांच्या ॲम्पमधून माशा घोंगावत होत्या आणि बेसची लाइन निवांत. फक्त त्याचा अमेरिकी पॉवर सप्लाय ड्रमच्या चौथऱ्यामागे एका बोजड ट्रान्सफॉर्मरला जोडून ठेवला होता. लाखोंच्या वाद्याचा जीव त्या खोक्यात अडकलेला बघून मला हसू आलं.

संध्याकाळी पहिल्या गाण्यात मात्र फजिती झाली. एकट्यानं वाजवताना जो टोन आरशासारखा स्वच्छ वाटत होता, तो दोन डिस्टॉर्शन गिटारींच्या मध्ये आल्यावर वर टकटक आणि खाली गुरगुर एवढाच उरला. मधला भाग गिटारींनी भरून टाकला होता. दुसऱ्या गाण्याआधी दोन गोष्टी झाल्या. इंजिनिअरनं दोन्ही गिटारींचा तळ छाटला, त्यावर गिटारवाल्यांच्या भुवया वर गेल्या. आणि बेसवाल्यानं फिल्टरचा खटका पाडून नॉब थोडा मागे घेतला. साध्या टोन नॉबनं आवाज नुसता मंद होतो. इथे कापायची जागा सरकवता येते आणि त्या जागेवर एक उंचवटाही देता येतो. आवाज 'आ'वरून 'ओ'वर आला, आणि बेस दिसू लागला. 'दिसू' हाच शब्द बरोबर आहे. किकच्या ठोक्याला चिकटून तो येतो, मग किक विरते आणि तो पुढे चालत राहतो, हे गर्दीतूनही बोट ठेवून दाखवता आलं असतं. तिसऱ्या गाण्यानंतर मिक्सरवर बेसच्या फेडरला कुणी हात लावला नाही.

अर्थात एवढा खरेपणा वाजवणाऱ्यालाही परवडावा लागतो. एका संथ गाण्यात त्याचं डावं बोट फ्रेटवरून किंचित लवकर उठलं, तेही स्पष्ट ऐकू आलं. जुन्या प्रिसिजनवर ते झाकलं गेलं असतं. लिओ फेंडरनं 1951 साली बाजारात आणलेलं हे वाद्य म्हणजे लाकडाची फळी, बोल्टनं बसवलेली मान, आणि आत बॅटरी-बिटरी काही नाही. तरी आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस इतकी वर्षं तेच वाजवतोय. मोटरहेडचा लेमी तर रिकनबॅकर बेस मार्शल ॲम्पमधून फाडूनच वाजवायचा. रॉकला थोडी माती लागते, हे अलेंबिकच्या भक्तांनाही नाकारता येणार नाही.

शेवटचं गाणं जड, दोनच सुरांवर घोळणारं. त्यासाठी त्यानं आधीच्या बँडच्या पोराकडून खरवडलेली प्रिसिजन मागून घेतली. तिच्या तारा कधी बदलल्या होत्या देव जाणे. मला ते गाणं त्या रात्रीच्या सगळ्या गाण्यांत जास्त आवडलं, आणि उतरल्यावर मी ते त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "अरे, तसंच ते. अलेंबिकवर हे गाणं मी दोन वर्षं वाजवून पाहिलं. जास्तच कळतं." मग ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला मागे गेला.