विश्लेषण : पाणी गाळणाऱ्या पडद्यांसाठी वनस्पतीजन्य द्रावके कशासाठी?

घरातल्या आरओ यंत्रात पाणी आणि डायलिसिसमध्ये रक्त गाळण्याचे काम पॉलिमरचा पातळ पडदा, म्हणजेच मेम्ब्रेन करतो. मात्र हा पडदा तयार करताना घातक द्रावके वापरली जातात. त्यांना वनस्पतीजन्य पर्याय शोधला जात आहे.

पडदा कसा तयार होतो?

पॉलिसल्फोनसारखे पॉलिमर द्रावकात विरघळवून पाकासारखे दाट मिश्रण केले जाते. त्याचा पातळ थर पाण्यात बुडवला की द्रावक बाहेर पडते, पाणी आत शिरते आणि पॉलिमर घट्ट होताना सूक्ष्म छिद्रे पडतात. मागे उरते द्रावकमिश्रित सांडपाणी.

धोका कोणाला?

एनएमपी, डीएमएफ आणि डीएमएसी ही यातील प्रमुख द्रावके. युरोपीय संघाने ती गर्भाला घातक म्हणून वर्गीकृत केली आहेत. ती त्वचेतूनही शरीरात शिरतात. त्यामुळे सर्वाधिक धोका कारखान्यातील कामगारांना असतो. युरोपात मे २०२० पासून एनएमपी, तर डिसेंबर २०२३ पासून डीएमएफच्या वापरावर निर्बंध आहेत. ही सरसकट बंदी नाही. कामगारांचा संपर्क ठरावीक मर्यादेत ठेवणे बंधनकारक आहे.

पर्याय कोणते?

लाकडाच्या भुशातील सेल्युलोजपासून ‘सायरीन’ हे द्रावक मिळते. ते वापरून ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी पॉलिइथरसल्फोनचे पडदे तयार केले आहेत. उसाच्या चिपाडापासून करता येणारे गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन आणि ग्लुकोजपासून मिळणारे डायमिथाइल आयसोसॉर्बाइड यांवरही प्रयोग झाले आहेत.

मग अडचण काय?

सायरीन हे एनएमपीपेक्षा कित्येक पट दाट असते. त्यामुळे पाणी आणि द्रावकाच्या अदलाबदलीचा वेग बदलतो, छिद्रेही बदलतात. म्हणजे उत्पादनाची कृती नव्याने बसवावी लागते. किंमत हाही अडथळा आहे. कच्चा मालही मोकळा पडलेला नाही. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखाने चिपाड जाळून वीज तयार करतात.

वनस्पतीजन्य म्हणजे सुरक्षित का?

नाही. मक्याच्या कणसांपासून मिळणारे फरफ्युरल विषारीच असते. शिवाय द्रावक कोणतेही असो, ते पाण्यात उतरणारच. त्यामुळे सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी टळत नाही. नव्या द्रावकाची खरी कसोटी त्याचा उगम नव्हे. कामगार ज्या हवेत श्वास घेतो ती हवा आणि कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी, ही आहे.