एक वाडा, पाट्या अनेक!

वेबसाइट चार, भाडं मात्र एकाचंच! आयडिया झकास आहे, पण वाड्याची किल्ली कुणाकडे आहे ते आधी बघा.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले आणि जगभरातून पत्रं येऊ लागली. पण बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव रेल्वेमार्गावरचं, जास्त ओळखीचं. मग काय, सेगावची पत्रं शेगावला! शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदलून सेवाग्राम केलं.

इंटरनेटवर हा घोळ होत नाही, कारण तिथे एक डोमेन नाव जगात एकदाच मिळतं. उलटा प्रकार मात्र बिनधास्त चालतो. एकाच जागेत कितीही नावं सुखाने नांदू शकतात. ऑफिसातल्या तुमच्या त्या मित्राला विचारा. त्याच्या एकाच होस्टिंग अकाउंटवर त्याचं फोटोग्राफीचं पान, काकांचं लॉज आणि वहिनीचं बुटिक असं अख्खं खानदान राहत असतं!

फंडा काय आहे?

डोमेन म्हणजे दारावरची पाटी आणि होस्टिंग म्हणजे आतली जागा. दोन्ही एकाच दुकानातून घेतली, तरी ती वेगवेगळीच असतात. तुम्ही ब्राउझरमध्ये नाव टाइप केलं की डीएनएस त्या नावाचा सर्व्हर शोधून देतं. मग ब्राउझर सर्व्हरला सांगतो, ‘मला अमुक नावाच्या घरी जायचंय.’ सर्व्हर त्या नावाचं फोल्डर उघडून देतो. ही सोय १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत आली. त्याआधी साधारण प्रत्येक साइटला स्वतंत्र आयपी पत्ता लागायचा. आज स्वस्तात होस्टिंग मिळतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पाट्या लावायचे प्रकार दोन. ‘अ‍ॅडऑन डोमेन’मध्ये प्रत्येक नावाला वेगळं फोल्डर आणि वेगळी साइट. ‘पार्क्ड’ किंवा ‘एलियास’ डोमेनमध्ये नावं दोन, पण घर एकच. उदाहरणार्थ, डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही घेऊन एकाच साइटवर सोडायची. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ नावंही मिळतात, म्हणजे तिसरी पाटी चक्क मराठीत!

एकाच संस्थेला दोन वेगळी घरंही लागू शकतात. वर्ध्यातलंच उदाहरण घ्या. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने आपल्या कामासाठी हिंदीविश्व डॉट ओआरजी हे नाव घेतलं आणि साहित्यासाठी हिंदीसमय डॉट कॉम हे वेगळं. कविता वाचायला आलेल्या माणसाला टेंडरच्या नोटिसा कशाला दाखवायच्या?

आणि मग एप्रिल उजाडला…

माझी मावसबहीण वर्ध्यात हळद विकते. वायगावची हळद, जिला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ताईची साइट एका ओळखीच्या मुलाने बनवली. त्याने सात गिऱ्हाइकं एकाच अकाउंटवर टाकली होती. दर कमी, सगळे खूश! पुढे त्याला बंगलोरला नोकरी लागली, कार्डाची मुदत संपली, होस्टिंगचं बिल थकलं आणि एका सकाळी सातही साइट गायब. नवी हळद बाजारात यायच्या ऐन दिवसांत.

ताई वाचली, कारण डोमेन तिने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या लॉगिनने घेतलं होतं. फोटो आणि मजकूर पेनड्राइव्हवर होता. तिने दुसरीकडे होस्टिंग घेतलं, नेमसर्व्हर बदलले आणि दोन दिवसांत दुकान पुन्हा उघडलं. शेजारच्या कोचिंग क्लासच्या सरांचं नाव मात्र त्या मुलाच्या जुन्या ईमेलवर होतं. रिन्यूअलच्या सूचना तिकडेच जात राहिल्या, मुदत संपली आणि नाव दुसऱ्याच कुणी तरी उचललं. सरांना नवं नाव घ्यावं लागलं. छापलेली पत्रकं, चौकातला बोर्ड, ऑटोमागची जाहिरात… सगळं रद्दीत!

त्या मुलाने कुणाला फसवलं नव्हतं. तो फक्त पुढे निघून गेला. आपणही जॉब बदलतो, शहर बदलतो, ईमेल बदलतो. म्हणून तुमच्या अकाउंटवर दुसऱ्याचं घर असेल, तर मंडळी, तुम्ही घरमालक आहात. नुसती ‘मदत’ करताय असं समजू नका.

शेजाराचा त्रासही असतो. एका साइटचं जुनं प्लगइन हॅक झालं, की त्याच अकाउंटमधल्या बाकी फोल्डरांनाही लागण होऊ शकते. एकीवर अचानक गर्दी उसळली तर सगळ्याच रांगायला लागतात. हौसेच्या साइट एकत्र राहू द्या. ज्यावर कुणाचं पोट आहे, ती वेगळ्या अकाउंटवर हलवा.

एवढं कराच!

* डोमेन ज्याचं, त्याच्याच नावावर, ईमेलवर आणि लॉगिनवर घ्या. होस्टिंग भले शेअर करा.
* प्रत्येक नावाचं वार्षिक शुल्क वेगळं असतं. रिन्यूअलच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका. डॉट कॉम रद्द झाल्यावरही ३० दिवसांत सोडवता येतं, पण जादा पैसे मोजून.
* बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका. एक प्रत घरी, जमलं तर दुसरी क्लाउडवर.
* मेलबॉक्सही त्याच होस्टिंगवर असेल, तर साइटबरोबर मेलही बंद पडतो. आधी विचारून घ्या.
* निघून जाताना किल्ल्या द्या. पासवर्ड आणि ट्रान्स्फरचा कोड ज्याचा त्याला!