दातांवरील पापुद्रे आणि त्यांची निगा



समोरचा दात काळवंडला असेल, त्याचा टवका उडाला असेल किंवा दोन दातांत फट असेल, तर पुष्कळ लोक हल्ली दंतवैद्याकडून दातांवर ‘व्हिनीअर’ बसवून घेतात. आरशात पाहून त्यांस जो आनंद होतो, तो स्वाभाविकच आहे. परंतु त्याबरोबर एक समजूतही मनात घर करते. ती अशी की, दातावर चिनी मातीचे कवच चढले, आता कीड लागण्याची भीती मिटली! ही समजूत चुकीची आहे. आणि ती का चुकीची, हेच आज सांगावयाचे आहे.

व्हिनीअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूस चिकटवलेला पापुद्रा. त्याची जाडी साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. पोर्सेलिनचा पापुद्रा बाहेर घडवून आणतात. कॉम्पोझिट या राळेसारख्या कृत्रिम पदार्थाचा पापुद्रा दंतवैद्य बहुधा दातावरच थर देऊन तयार करतो. कल्पना तशी जुनी आहे. १९३० च्या आसपास कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी सिनेनटांसाठी असे पापुद्रे केले. पण ते चित्रीकरणापुरतेच टिकत, कारण पक्के चिकटवण्याचा उपाय हाती नव्हता. १९५५ साली मायकेल बुओनोकोरे यांनी दाखवून दिले की, दाताच्या वरच्या कठीण थरावर, म्हणजे इनॅमलवर, थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावले, तर तो सूक्ष्म खरखरीत होतो आणि राळ त्यास घट्ट धरते. १९८३ च्या सुमारास पोर्सेलिनची आतली बाजूही आम्लाने अशीच खरखरीत करण्याची रीत पुढे आली. सुटा पापुद्रा अंड्याच्या टरफलासारखा नाजूक. पण इनॅमलला जडला की तोच दहा वर्षे, पुष्कळदा त्याहूनही अधिक टिकतो. कॉम्पोझिटचे आयुष्य त्या मानाने कमी.

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावीत. ती उडाली की पुन्हा लावून घ्यावयाची. भांडे शाबूतच असे. दाताचे तसे नाही. पापुद्रा नीट बसावा म्हणून बहुधा इनॅमलचा थोडा थर घासून काढावा लागतो, आणि इनॅमल पुन्हा वाढत नाही. म्हणजे एकदा घासलेल्या दातास पुढे जन्मभर काही ना काही आच्छादन लागणार. म्हणून जपावयाचे ते पापुद्र्यापेक्षाही त्याखालच्या दाताला.

पोर्सेलिन किडत नाही हे खरे. पण पापुद्रा जेथे संपतो व दात सुरू होतो, ती हिरडीजवळची सांध्याची रेषा हे मर्मस्थान होय. तेथे अन्नाचा व जंतूंचा थर साचतो. जंतू साखरेपासून आम्ल करतात, आणि आम्लाने दात झिजतो. भिंतीचा रंग तजेलदार असावा आणि आत वाळवी लागलेली असावी, तशी मग दाताची गत होते. बाहेरून ते कळतही नाही.

म्हणून दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने व फ्लोराइडयुक्त पेस्टने, हिरडीच्या कडेपासून हलक्या हाताने दात घासावेत. दोन दातांमधली जागा दोऱ्याने साफ करावी. राखुंडी, कोळसा, मिश्री आणि दात पांढरे करणारी खरखरीत मंजने वर्ज्य. त्यांनी पापुद्र्याची झिलई जाते, आणि मिश्रीतील तंबाखू हिरड्यांनाही घातक. दंतवैद्य फ्लोराइडचा लेप देणार असेल, तर आपल्या दातांवर पापुद्रे आहेत हे त्यास आधी सांगावे. आम्लयुक्त लेपाने पोर्सेलिनची चकाकी मंदावते.

चहा व हळद यांचा डाग पोर्सेलिनवर सहसा बसत नाही. सांध्यातील राळेवर मात्र बसतो, आणि कॉम्पोझिटवर तर हमखास. दात पांढरे करण्याच्या औषधाने पापुद्र्याचा रंग बदलत नाही. उलट शेजारचे दात उजळून तोच उठून दिसतो.

समोरच्या दातांनी ऊस सोलणे, सुपारी फोडणे, शिवणाचा दोरा तोडणे, बाटलीचे झाकण उघडणे, ही कामे सोडून द्यावीत. त्यांसाठी सुरी, अडकित्ता व कात्री घरात आहेतच. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर रात्री दातांवर घालावयाचे आवरण करून घ्यावे. नाही तर या घर्षणाने टवके उडतात.

हिरडीतून रक्त येऊ लागले, कडेला काळी रेघ दिसली, गार पाण्याने दात शिणशिणला किंवा पापुद्रा हलतो असे वाटले, तर दुखू लागण्याची वाट पाहू नये. पापुद्रा निघालाच, तर तो डबीत जपून दंतवैद्याकडे न्यावा; घरातील डिंकाने वा गोंदाने चिकटवू नये. एरवीही दर सहा महिन्यांनी दात दाखवावेत.

तात्पर्य, पापुद्रा दाताला रूप देतो, आयुष्य देत नाही. ते रोजच्या निगेनेच मिळते, आणि ही निगा आपली आपणांसच राखावी लागते.