मोठ्या आतड्यातली दुर्मीळ गाठ : जिस्ट

मंडळी, नाव आणि वस्तू यांचा संबंध काय, यावर आम्ही तत्त्वज्ञानवाले तासन्‌तास बोलतो. आज तो प्रश्न जिथे जिवाशी येतो तिथे, म्हणजे थेट मोठ्या आतड्यात नेऊन पाहू.

मोठ्या आतड्याचा नेहमीचा कर्करोग आतल्या अस्तरातून उगवतो. पण आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या थरांत, काहाल पेशी असतात. आतड्याची हालचाल तालात ठेवणं हे त्यांचं काम. त्यांच्या घराण्यातून क्वचित जी गाठ होते ती जिस्ट. बहुतेक जिस्ट जठरात नाहीतर लहान आतड्यात सापडतात. मोठ्या आतड्यात शंभरात एखाद-दोनच.

आता गंमत बघा. गाठ भिंतीत, आणि कोलोनोस्कोपीचा चिमटा तुकडा घेतो अस्तराचा. रुग्णाला रक्तक्षय आहे, पोट दुखतंय, शौचातून रक्त जातंय, आणि बायॉप्सी मात्र नॉर्मल! आपल्या मीमांसकांनी इथे एक अट घालून ठेवली आहे : वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून 'ती नाही' म्हणावं. चिमटा तिथवर पोचलाच नसेल, तर 'नाही' कसं म्हणणार? म्हणून सीटी स्कॅन हवा, आणि गरज पडली तर खोलवरचा तुकडा.

तुकडा मिळाला तरी काम संपत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चातीसारख्या लांबट पेशी दिसतात. पूर्वी अशा गाठींना बहुधा लायोमायोसार्कोमा म्हणत, म्हणजे स्नायूची गाठ, आणि त्या नावाची केमोथेरपी देत. तिचा उपयोग जवळजवळ शून्य. 1998 मध्ये जपानी संशोधक हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींत किट नावाच्या जनुकातला बिघड दाखवला. किट प्रथिनाला रंगवणारी सीडी 117 ही तपासणी आली, आणि गाठ तीच, पण नाव बदललं. 2000 मध्ये फिनलंडमध्ये गाठी पसरलेल्या एका रुग्णाला इमॅटिनिब देऊन पाहिलं. गाठी लहान झाल्या.

निघण्याजोगी गाठ असेल तर आधी शस्त्रक्रिया. गाठ न फुटता अख्खी निघाली पाहिजे. फुटली की पेशी पोटभर सांडतात. जिस्ट लसिकाग्रंथींत क्वचितच जाते, त्यामुळे नेहमीच्या कर्करोगासारखी ग्रंथींची साफसफाई सहसा लागत नाही. मग आकार किती, पेशी किती वेगाने विभागताहेत, गाठ कुठली, फुटली होती का, यावरून धोका ठरतो. धोका जास्त असेल तर इमॅटिनिब, बहुधा रोज 400 मिलिग्रॅम, किमान 3 वर्षं.

किमतीचं काय? 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका स्फटिकरूपाचं पेटंट नाकारलं, आणि भारतातल्या जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. पण स्वस्त झाली म्हणून गोळी डोळे मिटून सुरू करायची नसते, बरं का. काही जिस्टमध्ये बिघाड दुसऱ्याच जनुकात असतो. पीडीजीएफआरए जनुकातल्या डी 842 व्ही या बदलाला इमॅटिनिब दाद देत नाही. तेव्हा सीडी 117 च्या अहवालाबरोबर जनुकाचा अहवालही डॉक्टरांकडे मागून घ्यावा, गोळी सुरू होण्याआधी.