ओझरपासून सरळ पूर्वेला

नकाशावर पट्टी ठेवून बघा. नाशिकजवळचं ओझर आणि आपलं वाशीम जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, विसाव्याच्या किंचित वर. ओझरच्या धावपट्टीवरून उडालेलं विमान नाक पूर्वेला ठेवून सरळ निघालं, तर सुमारे 335 किलोमीटरवर वाशीम येतं. मिग-21 हे लढाऊ विमान आपल्या पुऱ्या वेगात, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगानं, हे अंतर साडेनऊ मिनिटांत कापेल. (तेवढा वेळ तो वेग टिकवला तर परतीपुरतं इंधन उरणार नाही, ही गोष्ट वेगळी.)

त्याच ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात 1987 साली मुख्य चाचणी वैमानिक म्हणून रुजू झाले विंग कमांडर राकेश शर्मा. हो, तेच, 3 एप्रिल 1984 ला सोयूझ टी-11 मधून अंतराळात गेलेले. आपण त्यांना त्या जवळपास आठ दिवसांसाठी ओळखतो. मला मात्र त्यांची ओझरची वर्षं जास्त थक्क करतात. 1971 च्या युद्धात त्यांनी मिग-21 उडवलं होतं, आणि अंतराळातून परतल्यावरही ते पुन्हा लढाऊ विमानांकडेच वळले. ओझरला मिग-21 ची चाचणी घेताना एकदा तर ते थोडक्यात बचावले.

चाचणी वैमानिक म्हणजे कसरती करणारा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात काम असतं विमानाची उलटतपासणी घेण्याचं. मांडीवर बांधलेल्या कार्डावर एकेक बाब लिहिलेली असते: अमुक उंचीला जा, इंजिन अमुक फेऱ्यांवर आण, आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा) पेटव, तापमान किती झालं ते टिपून ठेव. विमान डावीकडे किंचित ओढतंय का, नियंत्रणाच्या दांड्याला थरथर आहे का, हेही बघायचं. एका हाती दांडा, दुसऱ्या हाती थ्रॉटल, आणि त्यातच पेन्सिलही चालवायची.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. आवाजाचा वेग ओलांडताना वैमानिकाला धडाका ऐकू येतच नाही. तो खालच्या माणसांना ऐकू येतो. कॉकपिटमध्ये दिसतं ते एवढंच, की उंची आणि वेग दाखवणारे काटे क्षणभर अडखळतात आणि एकदम उडी मारतात. कारण विमानाच्या अंगावरून पुढे-मागे सरकणारी आघातलहर, म्हणजे दाबलेल्या हवेची लाट, नेमकी हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवरून गेलेली असते. आवाजाच्या ज्या भिंतीचा एवढा बोलबाला, ती ओलांडल्याची खूण म्हणजे काट्याची एक उडी!

मिग-21 च्या तोंडात एक शंकू असतो. फोटोत तो नुसता शोभेचा वाटतो, पण इंजिनाचा जीव त्याच्यावर अवलंबून आहे. आवाजापेक्षा जास्त वेगात आत घुसणारी हवा इंजिनाच्या पात्यांना सोसत नाही. ती आधी मंद करावी लागते. शंकूच्या टोकावर आघातलहर तयार होते, तिच्यातून जाताना हवेचा वेग पडतो आणि दाब वाढतो. विमानाचा वेग बदलला की लहरीचा कोनही बदलतो, म्हणून शंकू आपोआप पुढे-मागे सरकतो. तो अडकला तर इंजिन गुदमरतं, आणि या विमानाला इंजिन एकच. कारखान्यातून आलेल्या विमानात शंकू नीट सरकतोय की नाही, याची खरी खात्री वर गेल्यावरच पटते.

उंचावर बाहेरची हवा उणे 56 अंश असतानाही आवाजाच्या दुप्पट वेगात विमानाचं नाक शंभर अंशांच्या वर तापतं. समोरची हवा इतकी जोरात दाबली जाते. आणि त्याच वेगात तीन जी, म्हणजे वजनाच्या तिप्पट भार, सोसत पूर्ण माघारी वळायचं म्हटलं, तर वळणाची रुंदी भरते सुमारे 25 किलोमीटर.

मिग-21 ला हवाई दलानं 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निरोप दिला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए आकाशात झेपावलं. त्याचं इंजिन वेगळं, त्याला तो शंकू नाही, उड्डाणाचं नियंत्रण संगणकाच्या मदतीनं होतं. पण कारखान्यातून निघणारं प्रत्येक तेजस हवाई दलाच्या हाती जाण्याआधी चाचणी वैमानिकाच्या हाताखालूनच जातं.